जड, चैतन्य आणि उपासना

(मठाच्या वर्धापनोत्सवात दिलेले व्याख्यान)

 

ह्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती मी प्रसाद म्हणून शिरोधार्य मानली आहे. गुरुपरंपरेची थोरवी आणि मठाचे कार्य ह्यांविषयी माझ्याहून अधिकारी वक्ते बोलणारच आहेत. म्हणून मी आपल्यापुढे एक प्रश्न ठेवण्याचे योजिले आहे. प्रश्न तत्त्वज्ञानाचा खरा. पण रोज सकाळी स्नान करून देवघरात बसणाऱ्या प्रत्येकाच्या दाराशी तो येऊन उभा राहतो. ज्याला आपण जड म्हणतो त्या दगडात, मातीत, धातूत काही चैतन्य आहे काय? असल्यास ते कोणत्या प्रकारचे? आणि नसल्यास पाषाणमूर्तीपुढे आपण हात जोडतो ते कोणाला?

हा प्रश्न आज घेण्यास कारण आहे. अलीकडे आपल्या घरोघरी दोन विधाने ऐकू येतात. कोणी मोठ्या उत्साहाने सांगतो, 'अणुरेणूंत जाणीव आहे असे आता पाश्चात्त्य पंडितही म्हणू लागले. म्हणजे आपले ऋषी खरे ठरले.' आणि त्याच घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा विचारतो, 'दगडात आधीपासूनच चैतन्य असेल तर प्राणप्रतिष्ठा कशासाठी करायची? आणि नसेल तर चार मंत्रांनी ते येणार कोठून?' पहिल्या विधानाने आपण सुखावतो, दुसऱ्याने रागावतो. माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. दगडात चैतन्य आहे असे म्हणणे आणि दगडाला जाणीव आहे असे म्हणणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की उत्साहही चुकीच्या जागी जातो आणि शंकाही. हा भेद स्पष्ट करावा एवढाच माझ्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम पाश्चात्त्यांचे म्हणणे न्यायबुद्धीने समजून घेऊ. सतराव्या शतकात देकार्त ह्या फ्रेंच तत्त्वज्ञाने विश्वाचे दोन सरळ वाटे केले. जागा व्यापणे हा जडाचा धर्म आणि विचार करणे हा मनाचा धर्म. ह्याचे त्यात नाही, त्याचे ह्यात नाही. पशूंनासुद्धा त्याने यंत्रांच्या रांगेत बसविले. ह्या वाटणीने भौतिकशास्त्राचे मोठे काम सोपे झाले, कारण जडाचा हिशेब मोजमापाने मांडता येऊ लागला. पण एक कोडे मागे राहिले. माझे मन संकल्प करते आणि माझा जड हात वर होतो, हे कसे घडते? ज्यांचे परस्परांशी काहीच साम्य नाही त्यांचा संसार चालतो कसा?

ह्या कोड्यातून सुटण्यासाठी तेथील काही थोर विचारवंतांनी मन आणि जड ह्यांमधली भिंतच काढून टाकली. स्पिनोझाचा प्रमुख ग्रंथ १६७७ साली त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यात त्याने सांगितले की मूळ तत्त्व एकच असून विस्तार आणि विचार ही त्याची दोन अंगे आहेत, आणि सर्व वस्तू कमीअधिक प्रमाणात सचेतन आहेत. लायब्निट्झने १७१४ साली लिहिलेल्या आपल्या छोट्या प्रबंधात असे मांडले की विश्वाचे अंतिम घटक हे चिमुकले चेतनबिंदूच आहेत. काहींची जाणीव स्पष्ट, बहुतेकांची अत्यंत अंधूक. समुद्राची गाज ऐकताना प्रत्येक लाटेचा आवाज वेगळा कळत नाही, तरी त्या बारीक आवाजांवाचून गाज होत नाही, हा त्याचा आवडता दृष्टांत. समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाला तो लगेच पटावा असाच आहे. ह्या मताला आपण सोयीसाठी सर्वचेतनवाद म्हणू.

विसाव्या शतकात हे मत मागे पडले, पण नाहीसे झाले नाही. १९२७ साली बर्ट्रंड रसेल ह्यांनी आणि त्याच सुमारास खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन ह्यांनी एक मार्मिक मुद्दा पुढे आणला. भौतिकशास्त्र आपल्याला द्रव्य काय करते ते सांगते. त्याचे वजन, गती, आकर्षण ह्यांचे नियम सांगते. पण हे सारे ज्याचे धर्म आहेत ते आतून काय आहे, ह्याविषयी ते शास्त्र मौन पाळते. आणि आतून काय आहे हे आपल्याला ज्या एकाच ठिकाणी प्रत्यक्ष ठाऊक आहे ते ठिकाण म्हणजे आपली स्वतःची जाणीव. पुढे १९९५ साली डेव्हिड चाल्मर्स ह्या तत्त्वज्ञाने विचारले, मेंदूतील सर्व घडामोडींचा नकाशा काढला तरी त्या घडामोडींबरोबर 'मला वाटते' हा अनुभव का असावा? मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्यांतील एकेक पेशी अनुभवशून्य असेल तर त्यांच्या बेरजेतून अनुभव उगवतो कोठून? २००६ साली गेलन स्ट्रॉसन ह्यांनी ह्याच विचाराला धरून प्रतिपादन केले की अनुभव शून्यातून उत्पन्न होत नसेल तर द्रव्याच्या मुळातच त्याचा काही अंश मानला पाहिजे.

हा युक्तिवाद तुच्छ नाही. आपल्या चार्वाकांना आस्तिक दर्शनांनी हाच प्रश्न विचारला होता. चार्वाक म्हणत, पृथ्वी, आप, तेज, वायू ही भूते विशिष्ट प्रकारे एकत्र आली की चैतन्य उत्पन्न होते. किण्वाच्या योगाने मद्यात मादकता येते तसे. त्यावर प्रतिपक्षाचा प्रश्न असा की, जे घटकांत मुळीच नाही ते समुदायात येते कोठून?

तथापि सर्वचेतनवादापुढेही एक अडचण आहे, आणि ती विल्यम जेम्स ह्यांनी १८९० सालीच दाखविली. बारा शब्दांचे एक वाक्य घ्या. बारा माणसे उभी करून प्रत्येकाला त्यातला एकेक शब्द सांगा. प्रत्येकाने आपापल्या शब्दाचा कितीही मनापासून विचार केला, त्यांना कितीही दाटीवाटीने उभे केले, तरी पूर्ण वाक्याचे ज्ञान त्यांच्यापैकी कोणालाही होणार नाही. मग कोट्यवधी अणूंच्या कोट्यवधी चिमुकल्या जाणिवा एकत्र आल्या तरी त्यांतून 'मी' ही एक, अखंड जाणीव कशी होईल? जाणिवेची बेरीज होत नाही. आजही ह्या मताचे पुरस्कर्ते ह्या प्रश्नाशी झुंजत आहेत आणि सर्वांना मान्य होईल असे उत्तर सापडलेले नाही. जाणीव मोजता येते असा दावा करणारा एक सिद्धांत इटालियन शास्त्रज्ञ जूलियो तोनोनी ह्यांनी २००४ साली मांडला. पण २०२३ साली शंभराहून अधिक संशोधकांनी जाहीर पत्र काढून त्याला छद्मविज्ञान म्हटले, आणि इतरांनी त्या पत्राचाच निषेध केला. तात्पर्य, 'विज्ञानाने सिद्ध केले' असे म्हणण्याजोगी स्थिती ह्या विषयात आज नाही.

येथे आपल्या देशातील एका पुण्यपुरुषाचे स्मरण करणे अगत्याचे आहे. जगदीशचंद्र बोस (१८५८–१९३७) हे बिनतारी विद्युल्लहरींवर संशोधन करीत असता त्यांना दिसले की लहरी ग्रहण करणारे धातूचे उपकरण सतत वापरले तर मंद पडते आणि विश्रांती दिली की पुन्हा पूर्ववत होते. हा तर स्नायूच्या थकव्यासारखा प्रकार! मग त्यांनी कथील, प्लॅटिनम इत्यादी धातू, वनस्पतींचे देठ आणि प्राण्यांचे स्नायू ह्यांना सारखेच आघात देऊन त्यांचे विद्युत्-प्रतिसाद आलेखांवर उतरविले. उत्तेजक द्रव्याने प्रतिसाद वाढे, विषाने तो मावळे. आणि तिन्ही आलेख एकमेकांशेजारी ठेवले तर कोणता कोणाचा हे ओळखणे कठीण जाई. १९०० साली पॅरिस येथील भौतिकशास्त्र परिषदेत त्यांनी हे मांडले. स्वामी विवेकानंद तेव्हा पॅरिसमध्येच होते आणि स्वदेशीयाच्या ह्या विजयाने ते भारावून गेले होते. १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देताना बोसांनी शेवटी, अनेकात एक पाहणाऱ्या आपल्या प्राचीन ऋषींचे कृतज्ञतेने स्मरण केले. पुढल्याच वर्षी त्यांचा सजीव आणि निर्जीव ह्यांच्या प्रतिसादांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

बोसांविषयी आपल्याला अभिमान वाटतो तो सर्वथा योग्य आहे. वनस्पतींच्या शरीरातून विद्युत्-संदेश वाहतात हे त्यांचे म्हणणे त्या काळी अनेकांना रुचले नाही. आज ते वनस्पतिशास्त्रात मान्य आहे. परंतु त्यांच्या प्रयोगांनी काय सिद्ध झाले ते नीट पाहिले पाहिजे. धातू आघाताला प्रतिसाद देतो, थकतो, विसावतो, एवढे आलेखावर दिसले. त्या धातूला काही वाटते, हे आलेखावर दिसू शकत नाही. उंबऱ्यावर ठेच लागली की पाय मागे येतो, हा प्रतिसाद. आणि कळ येते, ही जाणीव. पाय मागे आलेला शेजाऱ्याला दिसतो, कळ मात्र ज्याची त्याला. प्रतिसाद यंत्राने मोजता येतो. जाणीव ही मोजणाऱ्याच्या बाजूला असते. बोसांच्या ग्रंथाचा आधार देऊन 'लोखंडाला दुःख होते' असे जे भाविक सांगतात ते भक्तीपोटी सांगतात. तरी त्यामुळे बोसांचीही सेवा होत नाही आणि वेदांताचीही नाही.

आता आपल्या शास्त्रांकडे वळू. शास्त्र म्हणजे 'सर्व काही सजीव आहे' असे सरसकट सांगणारे पुस्तक, अशी समजूत असेल तर ती ग्रंथ उघडताच दूर होते. सांख्य प्रकृतीला स्पष्ट शब्दांत अचेतन म्हणतात. वैशेषिकांचे परमाणू जड आहेत आणि ज्ञान हा केवळ आत्म्याचा गुण आहे. उलट जैन बांधव पृथ्वी, जल, अग्नी आणि वायू ह्यांच्या ठायीही एकेंद्रिय जीव मानतात, आणि त्यांचा अहिंसाधर्म त्या मतावर उभा आहे. पाश्चात्त्य सर्वचेतनवादाला भारतात जवळचा नातेवाईक शोधायचा तर तो बहुधा येथे सापडेल.

वेदांताची भूमिका ह्या दोहोंहून निराळी आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी विलक्षणत्वाधिकरण आहे. सांख्याचा आक्षेप असा : ब्रह्म चेतन आहे म्हणता आणि जगत् तर अचेतन दिसते, मग ब्रह्मापासून जगत् झाले कसे? कारण आणि कार्य इतके विजातीय कसे असेल? ह्या ठिकाणी श्रीमच्छंकराचार्य एक मत नोंदवितात, ते आज वाचताना आश्चर्य वाटते. कोणी म्हणेल, जगाचे कारण चेतन असल्याने सारे जगत् चेतनच आहे. लाकडात आणि मातीच्या ढेकळात चैतन्य असूनही ते व्यक्त होत नाही, जसे झोपलेल्या किंवा मूर्च्छित माणसाचे चैतन्य असूनही दिसत नाही. ज्याला युरोपात गेल्या तीन-चार शतकांत नवे नाव मिळाले तो विचार बाराशे वर्षांपूर्वीच्या आमच्या भाष्यात एका वाक्यात नमूद आहे!

आचार्य ह्या मताची हेटाळणी करीत नाहीत. श्रुतीत चेतन आणि अचेतन असा जो विभाग सांगितला आहे तो व्यक्त आणि अव्यक्त चैतन्याच्या भेदाने ह्या मतालाही लावता येईल, असे ते मोकळेपणाने मान्य करतात. परंतु आपला सिद्धांत ते त्यावर उभारीत नाहीत. त्यांचे उत्तर असे की कारण आणि कार्य सर्वांशी सारखी असावीत असा नियमच नाही. चेतन म्हणून प्रसिद्ध असलेल्या पुरुषापासून अचेतन केस आणि नखे होतात हे आपण पाहतोच. दोहोंत काही साम्य हवेच असेल तर ते आहे. ब्रह्माचा सत्ता हा स्वभाव आकाशादी सर्व पदार्थांत अनुस्यूत आहे. दगड जाणत नसेल, पण दगड 'आहे'. ते असणे त्याला कोठून आले?

हाच धागा विद्यारण्यस्वामींनी पंचदशीच्या अखेरच्या, पंधराव्या प्रकरणात अधिक उकलून दाखविला आहे. सत्ता, चिती आणि सुख हे ब्रह्माचे तीन स्वभाव. माती, शिळा इत्यादिकांत केवळ सत्ता व्यक्त होते. उरलेली दोन व्यक्त होत नाहीत. मन क्षुब्ध वा मूढ असता त्यात सत्ता आणि चिती ही दोन प्रकट होतात. आपण असतो, जाणतोही, पण सुख नसते. आणि शांत, निर्मळ वृत्तीत तिन्ही प्रकट होतात. पाहा, किती नेमकी मांडणी आहे ही! दगडात ब्रह्म कमी आहे असे येथे म्हटलेले नाही, आणि दगड मुकाट्याने विचार करीत बसला आहे असेही म्हटलेले नाही. वस्तू पूर्णच आहे. अभिव्यक्ती मात्र उपाधीप्रमाणे कमीअधिक. सूर्य एकच, पण भिंतीवर त्याचा केवळ उजेड पडतो आणि आरशात त्याचे बिंब दिसते. भिंतीचा उजेड आणि आरशातले बिंब ह्यांत जो भेद, तोच शिळा आणि अंतःकरण ह्यांत.

ही चढती श्रेणी ऐतरेय आरण्यकातही आहे. तेथे म्हटले आहे की वनस्पतींत रस दिसतो, प्राण्यांत चित्त दिसते, आणि पुरुषाच्या ठायी आत्मा सर्वांत अधिक प्रकट होतो, कारण तो उद्याचा दिवस जाणतो. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला वृक्ष दाखवून सांगतात की मुळावर घाव घातला तरी तो रस गाळीत जगतो, आणि ज्या फांदीतून जीव निघून जातो ती फांदी वाळते. त्यावरील भाष्यात आचार्यांनी स्थावर वृक्षादी सचेतन असल्याचा निर्वाळा दिला आहे आणि त्यांना अचेतन मानणारे मत निःसार ठरविले आहे. म्हणजे वृक्ष आणि शिळा ह्यांत भेद करण्याइतका विवेक आमच्या शास्त्राजवळ आहे. भावनेच्या भरात सगळे सारखेच म्हणावे, ही त्याची रीत नव्हे.

मग मूळ भेद कोठे आहे? सर्वचेतनवादी म्हणतो, जाणीव हा द्रव्याचा एक गुण आहे; जसे वजन, तशीच जाणीव, प्रत्येक कणात थोडीथोडी. वेदांती म्हणतो, चैतन्य हा कशाचाच गुण नव्हे. ते अधिष्ठान आहे. द्रव्य आधी आणि त्यात चैतन्य, असा क्रम नाही. चैतन्य आधी आणि त्यात द्रव्याची प्रतीती, असा आहे. म्हणूनच जेम्स ह्यांची बेरजेची अडचण येथे उद्भवत नाही. वेदांताला चैतन्याचे तुकडे जोडायचे नाहीत. ते मुळात एकच आहे, आणि घटाघटांतील आकाशाप्रमाणे उपाधींमुळे अनेक भासते. उलट बाजूने वेदांतापुढेही प्रश्न आहे, तो मी लपवीत नाही : एकच असेल तर हा अनेकपणा का भासतो? त्याचे उत्तर आचार्यपरंपरेने अविद्येच्या विचारात दिले आहे. तो विषय मोठा आहे आणि स्वामीमहाराजांच्या सन्निध बसून शिकण्याचा आहे.

ह्या सभेत माध्व परंपरेतील मंडळीही आहेत. त्यांच्या सिद्धांतात जड आणि जीव, जड आणि ईश्वर हे भेद सत्य आहेत. तरीसुद्धा बृहदारण्यकातील अंतर्यामी ब्राह्मण सर्व आचार्यांना शिरोधार्य आहे. तेथे याज्ञवल्क्य सांगतात की तो पृथ्वीत राहतो, पृथ्वी त्याचे शरीर आहे, आत राहून तो तिचे नियमन करतो. आणि पृथ्वी मात्र त्याला जाणत नाही. आजच्या माझ्या विषयाचा निकाल ह्या एका उपदेशात आहे. पृथ्वी जाणत नाही, तरी तो तिच्यात आहे. मतभेद कितीही असोत, येथे आपण सर्व एका पंगतीला बसू शकतो.

मराठी माणसाला हे तत्त्व श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या मुखाने अधिक जवळचे झाले आहे. चांगदेव वाघावर बसून आले तेव्हा महाराजांनी बसल्या भिंतीला चालविले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. जड भिंत चैतन्याच्या सत्तेबाहेर नाही, हे बालबोध रीतीने सांगणारी ती कथा आहे. पण त्याच चांगदेवांसाठी महाराजांनी ज्या पासष्ट ओव्या लिहिल्या, त्यांत भिंतीचा विषय नाही. पाहणारा, पाहणे आणि पाहिले जाणारे ही त्रिपुटी एकाच वस्तूची कशी, ह्याचा तेथे उपदेश आहे. ज्याला भिंत चालण्याचे नवल वाटते त्याने ती पाहणाऱ्याकडे वळावे, असाच जणू तो संकेत. आणि अमृतानुभवाच्या नवव्या प्रकरणात महाराजांनी अद्वैतात भक्ती कशी संभवते हे सांगताना डोंगरात कोरलेल्या लेण्याचा दृष्टांत दिला आहे. देव, देऊळ आणि परिवार सारे एकाच डोंगरातून कोरलेले असतात. ज्यांनी वेरूळचे कैलास लेणे पाहिले आहे त्यांना ह्याची साक्ष पटेल. पूजक, पूज्य आणि पूजास्थान ह्यांचा दगड एकच. तरी पूजेचा सोहळा खोटा नव्हे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. प्राणप्रतिष्ठा कशासाठी? दगडात मंत्राने जाणीव भरणे, असा तिचा अर्थ असता तर गणेशचतुर्थीच्या पार्थिव मूर्तीचे विसर्जन ही हत्याच ठरली असती. चैतन्य येत नाही आणि जातही नाही. सर्वव्यापी परमेश्वराचे उपासनेसाठी एका स्थानी आवाहन, हा तिचा अर्थ. अनेक पूजापद्धतींत उपासक आपल्या हृदयातील देवतेचेच मूर्तीत आवाहन करतो आणि पूजेच्या शेवटी तिला पुन्हा हृदयात घेतो, हे ध्यानात घ्या. आपल्या घरांतील शालिग्रामाला आणि बाणलिंगाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही, कारण तेथे देवतेचे सान्निध्य स्वतःसिद्ध मानले आहे. आचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात हाच दृष्टांत घेतला : ईश्वर सर्वगत असूनही शालिग्रामात हरीची उपासना करावी तसा हृदयकमलात तो उपासिला असता प्रसन्न होतो. गाईच्या सर्वांगाचे सार दूध असले तरी ते सडांतूनच काढावे लागते. शिंग पिळून कोणाला धार मिळालेली नाही.

चौथ्या अध्यायात सूत्रकारांनी आणखी एक सावधगिरी शिकविली आहे. प्रतीकाच्या ठायी ब्रह्मदृष्टी करावी. ब्रह्माच्या ठायी प्रतीकदृष्टी करू नये. राजाच्या सारथ्याला राजासारखा मान दिला तर ते शोभते. राजाला सारथी समजले तर तो अपमान होतो. म्हणजे मूर्तीत देव पाहावा, देवाला मूर्तीएवढा करू नये. हे कळले की दोन्ही टोके सुटतात. 'हा तर नुसता दगड' असे म्हणणारा सत्ता विसरतो, आणि 'देव ह्या दगडातच' असे म्हणणारा व्याप्ती विसरतो.

सज्जनहो, शेवटचा मुद्दा आचरणाचा आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. पंचदशीची ती श्रेणी पुन्हा आठवा. शिळेत केवळ सत्ता व्यक्त आहे. प्राण्यात जाणीव व्यक्त आहे. मग ज्याच्या ठायी चैतन्य अधिक प्रकट, त्याच्याविषयी आपले कर्तव्य अधिक नको काय? ७ जुलै २०१२ रोजी केंब्रिज येथे जमलेल्या मज्जाशास्त्रज्ञांनी जाहीर केले की सस्तन प्राणी, पक्षी आणि अष्टपाद ह्यांसारख्या प्राण्यांतही जाणिवेला आधारभूत अशी शारीरिक रचना आहे. गोठ्यातल्या बैलाच्या डोळ्यांकडे पाहणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे कोणी सांगावे लागले नव्हते. पण आपण मात्र कित्येकदा उलटे वागतो. दगडात सूक्ष्म जाणीव आहे की नाही ह्यावर तासभर वाद घालतो, आणि दारात उभ्या असलेल्या भुकेल्याची ढळढळीत जाणीव आपल्याला दिसत नाही.

श्रीमद्भागवताच्या तिसऱ्या स्कंधात भगवान कपिल आपल्या मातेला, देवहूतीला, हेच सांगतात. सर्व भूतांत आत्मरूपाने असलेल्या मला डावलून जो केवळ प्रतिमेची पूजा करतो, त्याची पूजा हे विडंबन होय. तो जणू राखेत हवन करतो. भागवतासारखा भक्तिग्रंथ हे सांगतो, आणि तोच ग्रंथ मूर्तिपूजेचा विधीही सांगतो. दोहोंत विरोध नाही. जेथे सत्तामात्र व्यक्त आहे त्या शिळेत देव पाहण्याचा अभ्यास ज्याने रोज केला, त्याला जेथे दुःख आणि सुख धडधडीत व्यक्त आहे त्या माणसात तो दिसला पाहिजे. तसे होत असेल तर पूजा फळली. होत नसेल तर उणीव मूर्तीत नाही, पाहणाऱ्यात आहे.

आपला मठ ह्या अभ्यासाची शाळा आहे. येथे गाभाऱ्यात पाषाणमूर्ती आहे, बाहेर अन्नछत्राची पंगत आहे, अंगणात तुळस आणि वटवृक्ष आहेत. सत्ता, प्राण आणि जाणीव ह्या तिन्ही पायऱ्या एका आवारात मांडलेल्या आहेत. दर्शन घेऊन बाहेर पडताना पंगतीतील शेवटच्या माणसापर्यंत अन्न पोहोचले की नाही, एवढे पाहण्याची बुद्धी ज्याला झाली त्याला माझा आजचा विषय समजला, असे मी मानीन. विज्ञान ह्या प्रश्नात पुढे काय शोधून काढील ते उघड्या मनाने ऐकावे; त्याच्या संमतीची घाई नको आणि विरोधाची भीतीही नको. ज्याच्या सत्तेने दगड आहे आणि ज्याच्या प्रकाशाने आपण तो पाहतो, त्याला प्रमाणपत्राची गरज नाही.



॥ श्रीसद्गुरुचरणारविंदार्पणमस्तु ॥